नानांचं तळं आणि नाटकातला नाना

अप्पांचं म्हणणं सरळ आहे. ज्या नाना फडणवीसांनी बोरघाटाच्या पायथ्याशी, आपल्या खोपोलीत तळं बांधलं, विरेश्वराचं देऊळ उभं केलं, घाटातून येणाऱ्याजाणाऱ्या माणसाजनावरांच्या पाण्याची सोय केली, त्या नानांना नाटकवाल्यांनी बायकांमागे लाळ गाळणारा म्हातारा करून टाकलं. "पोरं रोज संध्याकाळी तळ्याच्या काठावर बसतात. तळं कुणाचं विचार, सांगता येणार नाही. पण नाना फडणवीस म्हटलं की लगेच नाटकातला नाना आठवतो. हा अन्याय नाही का?"

माझं म्हणणं नेमकं उलटं. भीती आणि प्रचार यांच्या जोरावर सत्ता कशी टिकते, हे दाखवणारं विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'इतकं नेमकं नाटक मराठीत दुसरं नाही. आणि ते जिथे नानांचं तळं आहे, तिथेच व्हायला हवं.

अप्पा कागद गिरणीतून निवृत्त झालेले. मी हौशी मंडळात पोरांच्या एकांकिका बसवणारा. शिळफाट्यावर चहाच्या टपरीपाशी आमची गाठ पडते आणि विषय फिरून फिरून इथेच येतो. अप्पांचे आक्षेप मी दुसऱ्यांकडूनही ऐकले आहेत. नाटकाची बाजू घेणारे बहुतेक जण ते हसण्यावारी नेतात, ते मला पटत नाही. म्हणून हा वाद जसा झाला तसा मांडतो.

"आधी इतिहास घे," अप्पा म्हणाले. "१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर घरातलाच माणूस टपलेला. तेव्हा बारभाईंनी कारभार सावरला आणि त्यात नाना पुढे होते. पाळण्यातल्या सवाई माधवरावाला पेशवा करून राज्य चालवलं. इंग्रजांची फौज हाच बोरघाट चढून वर गेली आणि १७७९च्या जानेवारीत वडगावला शरणागती पत्करून बसली. हे ज्याच्या कारभारात घडलं, तो तुला जुलमी वाटतो?"

"इतिहासातल्या नानांबद्दल मी बोलतच नाही, अप्पा. तेंडुलकरांनी हे नाटक अनैतिहासिक आहे असं स्वतःच सांगून ठेवलंय."

"मग नाव कशाला घेतलं? अमुक राजा, तमुक प्रधान असं काहीही चाललं असतं की."

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी त्यांना असं दिलं. घाशीराम नाटकाआधीपासून लोकांच्या तोंडी होता. तो पुण्याचा कोतवाल होता आणि नानांच्या मर्जीतला होता. १७९१च्या ऑगस्टअखेर त्याच्या कैदेत कोंडलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले आणि त्याला दगडांनी ठेचून मारलं. हे सगळं घडलेलं आहे. १८६३ साली मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर पुस्तकही लिहिलं. तेंडुलकरांना यात आपल्या काळाची गोष्ट दिसली. १९६६ला मुंबईत शिवसेना स्थापन झाली, आणि डाव्या कामगार संघटनांना शह द्यायला काँग्रेसचं सरकार तिला आतून हात देतंय, असं तेव्हा लोक उघड बोलत होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांवरून तिला 'वसंतसेना' म्हणायचे. मोठा माणूस स्वतःच्या सोयीसाठी एक आडदांड माणूस कसा मोठा करतो, हा तेंडुलकरांचा विषय होता. त्यांनी अमुक राजा, तमुक प्रधान लिहिला असता, तर पुण्याचा प्रेक्षक मजेत बघून घरी जाऊन झोपला असता. ओळखीचं नाव आलं म्हणून तो खुर्चीत सावरून बसला.

"सावरून बसला नाही, चिडला," अप्पा म्हणाले. "आणि बरोबरच होतं त्याचं."

चिडला हे खरं. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नाना झाले होते मोहन आगाशे. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. मग तरुण मंडळी बाहेर पडली, थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ला नाटक पुन्हा उभं केलं. १९८०च्या युरोप दौऱ्याच्या वेळी पुन्हा विरोध झाला, तरीही नाटक गेलं आणि गाजलं.

एवढा राग येण्यासारखं त्यात काय आहे, ते पाहण्यासाठी नाटकाच्या आत जावं लागतं. तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

घाशीराम पुण्यात पोट भरायला आलेला कनोजी ब्राह्मण. चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, शहराबाहेर हाकलला जातो. सूड म्हणून तो स्वतःची मुलगी, ललितागौरी, नानापुढे करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. इथपर्यंत ही एका नीच सौद्याची गोष्ट आहे. खरा नाना दिसतो तो सौदा झाल्यावर, एकटा असताना. त्याचा हिशेब असा, की हा परका माणूस कोतवाल झाला की त्याला शहरात कुणी आपलं राहणार नाही, आपल्याविरुद्ध तो कुणाशी हातमिळवणी करू शकणार नाही, आणि आपण जे करू तेही त्याच्याच नावावर जमा होईल.

"अप्पा, प्रचाराचा पाया हा आहे," मी म्हणालो. "आपण प्रचार म्हटलं की भोंगा, पोस्टर, भाषण डोळ्यांपुढे आणतो. त्याच्या आधीची पायरी म्हणजे लोकांनी राग कुणावर काढायचा ते ठरवून ठेवणं. ती पायरी नानाने चढलेली आहे. पुढे त्याला फार बोलावंच लागत नाही."

"आणि भीती?"

भीतीचं काम घाशीराम करतो. रात्री अकरानंतर परवान्याशिवाय कुणी रस्त्यावर दिसता कामा नये. मग एकेका गोष्टीला परवाना. यातली मेख अशी, की जगण्यातल्या साध्या साध्या गोष्टींना परवाना लागू लागला की प्रत्येक माणूस कुठे ना कुठे गुन्हेगार ठरतोच. कुणाची बायको बाळंत व्हायची असते, कुणाला वैद्य आणायचा असतो. परवाना घरी राहिला की माणूस कोतवालाच्या हातात सापडला. आणि हात बांधले जातात ते पकडलेल्याचे एकट्याचे नाहीत. जो अजून सापडलेला नाही, तोसुद्धा गप्प राहायला शिकतो, कारण आपलंही काहीतरी उघडं पडेल हे त्याला ठाऊक असतं. पुढे एका ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो. त्याच्या तळहातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून दिव्य करायला लावतात. वेदनेपायी तो कबूल होतो. कबुली मिळाली म्हणजे न्याय झाला. बघणारे बघत राहतात.

ते बघणारे कोण, हे नाटकात फार हुशारीने दाखवलंय. रंगमंचावर पडदा नाही. ब्राह्मणांची एक रांग आहे आणि तीच पडद्याचं काम करते. तोंड प्रेक्षकांकडे केलं की ते गणपतीची स्तुती गाणारे भाविक, पाठ फिरवली की भिंत. कॉलेजात मी त्या रांगेत उभा राहिलो आहे. शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून डोलायचं, ताल चुकू द्यायचा नाही, सुरात सूर मिसळायचा. प्रेक्षकांकडे पाठ केली की नाना आणि ती कोवळी मुलगी आपल्यापासून दोन हातांवर असतात. प्रेक्षकाला काही दिसत नाही, आपल्याला सगळं दिसतं. मग वळायचं आणि पुन्हा गायला लागायचं. दिग्दर्शकाने आम्हाला एकच सूचना वारंवार दिली होती: चेहऱ्यावर काही आणू नका, गाणं छान म्हणा. जुलमी सत्तेला माणसं कशी लागतात हे मला कुठल्या पुस्तकातून समजलं नसतं, इतकं त्या जागेवर उभं राहून समजलं.

अप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग नाक्यावरच्या फ्लेक्सकडे बोट करून म्हणाले, "म्हणजे तसं?"

शिळफाट्यावर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस कायम असतो. वर एक मोठा चेहरा हात जोडून उभा, खाली शुभेच्छुकांच्या दोन-तीन ओळी, तिकिटाएवढे फोटो, त्याखाली बारीक अक्षरात नावं. मी त्यांना हो म्हटलं. मोठ्या चेहऱ्यापेक्षा खालच्या ओळी महत्त्वाच्या. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी, आळीत, सोसायटीत तो फोटो बघितला गेला की तो माणूस बांधला जातो. उद्या वरच्या चेहऱ्याने काही गैर केलं, तर बोलताना त्याची जीभ जड होणार. पक्ष कुठलाही असो.

"हे मात्र तू जास्त करतोयस," अप्पा म्हणाले. "ती पोरं फोटो लागतो म्हणून खूश असतात. त्यात जुलूम कुठे आला?"

जुलूम अजून आला नसेल. तरी भिंतीत उभं राहायची सवय अशाच खुशीतून लागते, असं मला वाटतं. अप्पांना ते पटलं नाही.

त्यांचा पुढचा मुद्दा जास्त वजनदार होता. ते म्हणाले, "भीती वाईटच असते असं तुम्ही लोक धरून चालता. आणीबाणीत मी कामाला लागलो होतो. गाड्या वेळेवर यायच्या, साहेब वेळेवर यायचे, संप नाही, घोषणा नाहीत. भीती होती, पण शिस्तही होती. आणि विनोबांनीच म्हटलं होतं ना, अनुशासन पर्व!"

मी याच वाक्याची वाट बघत होतो असं नाही, पण ते आलं हे बरं झालं. विनोबा इथलेच. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ला जन्मले. १९७५ साली ते पवनारला मौनात होते. त्यांचे ते दोन शब्द सरकारने उचलले आणि पोस्टरवर छापले. मौनात असलेला माणूस खुलासा कसा करणार? मौन सुटल्यावर जानेवारी १९७६मध्ये पवनारला आचार्य संमेलन भरलं, तिथून देशातली स्थिती पूर्ववत करण्याची मागणी पुढे आली. ती कुठल्या पोस्टरवर लागली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषण करण्याचा विनोबांचा विचार आश्रमाच्या 'मैत्री' मासिकात छापून आला, तेव्हा पोलिसांनी पवनारला येऊन अंक जप्त केले.

"विनोबांचा अंक जप्त केला?" अप्पांनी दोनदा विचारलं.

"हो. ज्या विनोबांचे शब्द पोस्टरवर होते, त्याच विनोबांचा."

अप्पा म्हणाले, "आम्ही पोस्टर बघितलं. हे कुणी सांगितलं नाही."

सांगणार कोण? वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. प्रचार नेहमी खोटं सांगून होतो असं नाही. इथे एका खऱ्या, आदरणीय माणसाचे शब्द घेतले, त्याचं पुढचं बोलणं अडवलं आणि तेवढ्याने काम भागलं. अप्पांसारख्या सरळ माणसाने विनोबांवर विश्वास ठेवला, यात अप्पांची काही चूक नव्हती. त्या विश्वासाचा वापर केला गेला, आणि मला त्याचाच राग येतो. त्याच काळात डिसेंबर १९७५ला कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी यशवंतराव चव्हाणांच्या देखत जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्या तुरुंगात होत्या.

"बघ, दुर्गाबाई सरळ बोलल्या," अप्पांनी मला तिथेच पकडलं. "त्यांना नाटक-बिटक लागलं नाही. आणि आपल्या कर्जतचे भाई कोतवाल? वकील माणूस, सावकाराच्या पाशातून सोडवायला लोकांसाठी धान्याची पेढी काढली, बेचाळीसला आझाद दस्ता उभा केला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत गोळ्या खाल्ल्या. दरवर्षी लोक सिद्धगडावर जमतात ते त्यांच्यासाठी. कुणा नाटककारासाठी जमत नाहीत. ज्याला बोलायचंय त्याने नाव घेऊन बोलावं. रूपक म्हणजे आडोसा."

हे मी नाकारत नाही. भाई कोतवालांच्या शेजारी कुठलंही नाटक ठेवायचं माझ्या मनात नाही. पण बेचाळीसची माणसं एका रात्रीत तयार झाली नव्हती. १९०७ला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. त्यात कर्झनचं नाव कुठेही नव्हतं. विराटाच्या दरबारात द्रौपदीवर हात टाकणारा कीचक होता, धर्मराजाचा संयम होता, भीमाचा संताप होता. तरी पिटात बसलेल्या माणसाला कीचक कोण, द्रौपदी कोण, हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही. मवाळ आणि जहाल यांचं भांडण त्याने महाभारतात ओळखलं. लंडनचा पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल, त्यालाही ते कळलं आणि त्याने ते लिहून ठेवलं. १९१०ला सरकारने नाटकावर बंदी घातली. आडोशाला एवढं घाबरावं लागतं का? नाव घेऊन बोलणाऱ्या एका माणसाला आत टाकता येतं. अंधारात बसलेल्या हजार माणसांना एकाच वेळी जे कळलं, ते त्यांच्या डोक्यातून काढता येत नाही. घरी जाताना त्यांना एवढंही कळलेलं असतं, की शेजाऱ्यालाही तेच कळलंय. भीतीचं निम्मं बळ माणूस स्वतःला एकटा समजतो त्यात असतं.

जॉर्ज ऑर्वेलच्या 'अॅनिमल फार्म'चं हेच झालं. रशिया दोस्त राष्ट्र होता म्हणून काही प्रकाशकांनी ते नाकारलं, शेवटी १९४५च्या ऑगस्टमध्ये ते आलं. त्यात बोलायला एक डुक्कर आहे आणि भीतीला कुत्रे आहेत, कामं वाटून दिलेली. तेंडुलकर मला एक पाऊल पुढे वाटतात, कारण त्यांच्याकडे भीती घालणारा माणूस शेवटी स्वतःच प्रचाराचा माल होतो.

तो शेवट अप्पांना मी सविस्तर सांगितला. मुलगी मरते. घाशीराम आणखी क्रूर होतो. तेलंगी ब्राह्मण गुदमरून मरतात, लोक वाड्यावर चालून येतात. नाना शांतपणे हुकमावर सही करतो आणि आपणच केलेला कोतवाल लोकांच्या हवाली करतो. लोक त्याला ठेचतात. मग नाना त्या गर्दीपुढे येतो, पुण्यावरचं संकट टळलं असं जाहीर करतो आणि उत्सव करायला सांगतो. गर्दी नाचायला लागते. त्याला कुणी विचारत नाही, कोतवाल नेमला कुणी?

"हे बघ," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला होता, "नानाने काय केलं? लोकांचा राग काढायला एक माणूस पुढे दिला. मग तेंडुलकरांनी काय केलं? त्यांना मुंबईतल्या पुढाऱ्यांवर बोलायचं होतं. राग काढायला त्यांनी लोकांपुढे नाना फडणवीस दिला. मेलेला माणूस, उत्तर द्यायला येणार नाही. प्रेक्षक नानाला हसले, ब्राह्मणांना हसले, घरी गेले. जे पुढारी होते, ते होते तिथेच राहिले. मग तुझ्या नाटकात आणि त्या नानात फरक काय?"

इतकी वर्षं नाटक करतो आहे, पण इतका नेमका आक्षेप मी कुणा समीक्षकाकडूनही ऐकला नव्हता. त्यात निम्मं खरं आहे. पानिपतावरून जीव वाचवून आलेला, तिथे आई हरवलेला, ते दुःख स्वतःच्या हाताने आत्मवृत्तात लिहून ठेवणारा एक माणूस होता. पंचवीसएक वर्षं पडतं राज्य त्याने धरून ठेवलं, आणि आता तो लोकांना नाटकातल्या चेहऱ्याने आठवतो. हे त्याचं नुकसान आहे आणि ते नाटकाने केलं आहे. 'अनैतिहासिक' एवढं छापून ते भरून येत नाही.

उरलेलं निम्मं मात्र मी मान्य करत नाही. नाना गर्दीला घाशीराम देतो तेव्हा गर्दीला मोकळं वाटतं. नाटक आपल्याला ते मोकळं वाटणं देत नाही. नानाला शेवटी शिक्षा होत नाही, त्याचा पश्चात्ताप नाही, वरून कुणी न्याय करायला येत नाही. नाचणाऱ्या गर्दीत आपल्यासारखीच माणसं आहेत, आणि नाटक तिथेच संपतं. प्रेक्षक अस्वस्थ होऊन उठतो. १९७२ला पुणेकर जे चिडले, त्यातले काही नानांसाठी चिडले असतील. मला वाटतं, पुष्कळ जण त्या भिंतीमुळे चिडले.

"वाटतं," अप्पा म्हणाले. "सिद्ध कसं करणार?"

"करून बघू. इथेच करू. तळ्यापासून हाकेच्या अंतरावर."

अप्पांनी अट घातली. प्रयोगाच्या आधी अर्धा तास खऱ्या नाना फडणवीसांवर कुणीतरी बोललं पाहिजे. बारभाई, वडगाव, पानिपत, तळं, सगळं. नानांचे दोषही सांगा, पण कागदपत्रांतले, नाटकातले नव्हेत. आणि घाशीरामाला ज्यांनी ठेचलं त्यांच्यावरही एक शब्द बोला, कारण तोही माणूसच होता. हे शेवटचं त्यांनी घातलं, ते माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. अट मी मान्य केली. त्यांचं मत बदललेलं नाही. तेंडुलकरांनी दुसरं नाव घ्यायला हवं होतं, हे ते प्रयोगाच्या दिवशीही म्हणणार आहेत आणि मंचावरून म्हणणार आहेत.

कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली इथल्या हौशी मंडळांना म्हणून माझी विनंती आहे. नाना आणि घाशीराम करायला माणसं मिळतात, त्यांना टाळ्या असतात. मला भिंत हवी आहे. गाता यावं, ताल धरता यावा, पाठ करून उभं राहायची आणि वेळ आली की वळायची तयारी असावी. बायकाही या रांगेत उभ्या राहाव्यात असं माझ्या मनात आहे. तालमी पावसाळ्यानंतर सुरू करू. येणाऱ्याने आधी एकदा विरेश्वराच्या तळ्यावर जाऊन यावं, आणि संहिता पूर्ण वाचूनच यावं.